इंजिनिअरिंग प्रवेशाचं गाईड: विकत घ्यायच्या आधी नेमकं काय तपासायचं

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पुण्यात अप्पा बळवंत चौकात, दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत क्लासच्या काउंटरवर प्रवेशाची गाईडं दिसू लागतात. जाडजूड पुस्तक आणि मुखपृष्ठावर 'मागील तीन वर्षांचे कटऑफ', 'टॉप कॉलेजेस', 'फीसह संपूर्ण माहिती'. आईवडील घाईत असतात, मुलं गोंधळलेली असतात, त्यामुळे पुस्तक न चाळताच घेतलं जातं. त्याच पुस्तकावर विसंबून पर्यायांचा फॉर्म भरला जातो, आणि हाती येतं त्यावर चार वर्षं काढावी लागतात. म्हणून पुस्तक निवडायला अर्धा तास द्या. तेवढ्याने बरंच काही वाचतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या गाईडांमध्ये जे छापलेलं असतं ते जवळजवळ सगळं सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतं. कटऑफ, जागांचा तक्ता आणि नियमांची माहितीपुस्तिका राज्य सीईटी सेल देतो. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं. कॉलेजला मान्यता आहे का आणि किती जागांची आहे, हे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेकडे कळतं. दर्जा तपासणाऱ्या नॅक आणि एनबीए या संस्था आणि एनआयआरएफ ही क्रमवारी आपापले निकाल स्वतः जाहीर करतात. मग पैसे कशाचे द्यायचे? मांडणीचे. विखुरलेले हजारो आकडे एका जागी आणून नीट लावले असतील, तर पुस्तकाला किंमत आहे. म्हणून आमची कसोटी एकच: पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यापाशी वर्ष, फेरी आणि जागेचा प्रकार छापलेला असावा, आणि तो आकडा मूळ पीडीएफमध्ये शोधला की सापडावा. ज्या पुस्तकात हे नाही, ते कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या.

कटऑफचा एक चौकोन वाचायला शिका

बहुतेक चुका इथेच होतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

सीईटी सेलच्या कटऑफ यादीत प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेचा तक्ता असतो. वर आडव्या रांगेत जागांचे सांकेतिक प्रकार असतात: जीओपनएच, एलओपनओ, जीएससीएस, जीओबीसीएच असे. पहिलं अक्षर 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचं अक्षर 'एच' असेल तर होम युनिव्हर्सिटी, 'ओ' असेल तर होम युनिव्हर्सिटीबाहेरची आणि 'एस' असेल तर राज्य पातळीवरची जागा. खाली प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. दोन्ही त्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या उमेदवाराचे.

भटक्या जमातींच्या घरांमध्ये इथे एक गफलत नेहमी होते. जातीच्या दाखल्यावर 'भज-ब', 'भज-क', 'भज-ड' असं लिहिलेलं असतं आणि कटऑफच्या यादीत एनटी-१, एनटी-२, एनटी-३. 'ब' म्हणजे १, 'क' म्हणजे २ आणि 'ड' म्हणजे ३. 'क' हे तिसरं अक्षर म्हणून एनटी-३ चा रकाना पाहिला, तर सगळा अंदाजच दुसऱ्या प्रवर्गाचा होतो. चांगलं गाईड ही जुळणी पहिल्या दोन-चार पानांतच देतं. ती दिलेली नसेल, तर ते पुस्तक विद्यार्थ्यासाठी केलेलं नाही असं खुशाल समजा.

सरासरी गाईड काय करतं? हे सगळे रकाने गाळून 'ओपन: ९६.४, ओबीसी: ९४.१, एससी: ८५' अशी सुटसुटीत ओळ छापतं. वाचायला सोपी, पण वापरायला निकामी. तो ९६.४ होमचा की बाहेरचा, मुलींच्या जागेचा की सर्वसाधारण जागेचा, पहिल्या फेरीचा की शेवटच्या, हे त्यात कुठेच नसतं. एकाच शाखेत एकाच वर्षी या जागांच्या कटऑफमध्ये बराच फरक पडू शकतो.

रिकाम्या चौकोनाचंही तसंच. मूळ यादीत एखादा चौकोन रिकामा असेल, तर त्या फेरीत त्या जागेवर कुणाला प्रवेश मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ. कदाचित तिथे जागाच नव्हती, किंवा होती पण आधीच भरली. काही पुस्तकं तिथे शून्य छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, इथे कुणालाही मिळतं.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे घर नव्हे

विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमध्ये राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या उमेदवारांना असतात आणि ३० टक्के बाहेरच्यांना. सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या संस्थांत मात्र जागा राज्य पातळीवर भरतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी झालेल्या नेहमीच्या उमेदवाराचं, म्हणजे 'ए' प्रकारच्या उमेदवाराचं, होम विद्यापीठ बारावी कुठून उत्तीर्ण झाली त्यावर ठरतं. घर कुठे आहे यावर नाही. साताऱ्याच्या मुलीने अकरावी-बारावी लातूरला केली असेल, तर प्रवेशासाठी तिचं होम विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होतं. साताऱ्यातल्या कॉलेजात, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात, ती 'बाहेरची' ठरते आणि तिने 'ओ'चे रकाने पाहायचे असतात. बारावीसाठी लातूर, कोटा किंवा पुण्याला गेलेल्या मुलांच्या घरी हा धक्का बहुधा फॉर्म भरतानाच बसतो. बारावी महाराष्ट्राबाहेर झाली असेल तर उमेदवारीचा प्रकारच बदलतो. पालकांचं अधिवास प्रमाणपत्र, केंद्र किंवा राज्य सरकारची नोकरी अशा निकषांवर बी, सी, डी हे प्रकार ठरतात. बेळगाव आणि सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'ई' हा वेगळा प्रकार आहे. सीमाभागातलं कुटुंब असेल तर गाईडात हा 'ई' प्रकार समजावला आहे का, हे सगळ्यात आधी पाहावं. बऱ्याच पुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

साठ जागांचं गणित

एका पानावरचा कटऑफ दर वर्षी इतका का हलतो, हे कळायला जागांची विभागणी मांडून पाहू. खासगी विनाअनुदानित, अल्पसंख्याक नसलेलं आणि विद्यापीठाशी संलग्न असं एक कॉलेज घ्या. शाखेच्या मंजूर जागा ६०.

त्यातल्या २० टक्के, म्हणजे १२ जागा, संस्था पातळीवरच्या. लोक यालाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात. १५ टक्के, म्हणजे ९ जागा, अखिल भारतीय, जेईई मेनच्या गुणांवर. उरल्या ३९. त्यांच्या ७० टक्के म्हणजे साधारण २७ होमच्या आणि १२ बाहेरच्या. आता या बारांत अनुसूचित जातींचे १३ टक्के म्हणजे दीडेक जागा. भज-डचे २ टक्के म्हणजे पाव जागा, अर्थात बऱ्याचदा एकही नाही. त्यातच ३० टक्के मुलींचं समांतर आरक्षण. शेवटी एखाद्या रकान्यात एकच जागा उरते.

एका जागेचा कटऑफ म्हणजे एका विद्यार्थ्याचे गुण. त्या वर्षी ९१ पर्सेंटाइलच्या मुलाने तो पर्याय वर टाकला म्हणून ९१ आला. पुढच्या वर्षी कुणी तो टाकला नाही तर ७८ वरही येईल. त्यामुळे लहान प्रवर्गांच्या रकान्यांत एकाच वर्षाचा आकडा देणारं पुस्तक दिशाभूल करतं, मग तो आकडा अगदी बरोबर का असेना. अशा रकान्यांना निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लागतात आणि त्यांतला सगळ्यात वरचा धरून चालायचं. खुल्या सर्वसाधारण जागांमध्ये संख्या जास्त असते, तिथे दोन वर्षांचे आकडे बऱ्यापैकी भरवशाचे.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत हे गणित आणखी वेगळं. तिथे ५१ टक्क्यांपर्यंत जागा त्या धार्मिक किंवा भाषिक गटासाठी असतात. मुंबईत गुजराती, हिंदी, सिंधी भाषिक अल्पसंख्याक कॉलेजं बरीच आहेत. मंजूर जागा १२० दिसल्या तरी इतरांच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याहून कमी येतात. गाईडात कॉलेजच्या नावापाशी हा दर्जा छापलेला हवा.

टीएफडब्ल्यूएसचा रकाना तर स्वतंत्रच असावा. शिक्षण शुल्कात पूर्ण सूट देणाऱ्या या जागा मंजूर संख्येच्या ५ टक्के, त्याही जादा, म्हणजे ६० ला ३. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. त्यांचा चॉईस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये टाकायचा त्या कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा आणि कटऑफ खुल्या जागेपेक्षाही बऱ्याचदा वर. साध्या कोडसोबत हा कोडही फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो. उत्पन्नात बसणारी कितीतरी मुलं केवळ माहिती नसल्यामुळे तो टाकत नाहीत, आणि याचं वाईट वाटतं.

पर्सेंटाइलच्या शेजारी गुणवत्ता क्रमांक हवाच

९५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ५ टक्के तुमच्या पुढे. समजा एका वर्षी ३ लाख मुलांनी परीक्षा दिली, तर पुढे १५ हजार. दुसऱ्या वर्षी ४ लाखांनी दिली, तर पुढे २० हजार. पर्सेंटाइल तेच, पण रांगेतली जागा पाच हजारांनी मागे. जागा त्या प्रमाणात वाढल्या नसतील, तर गेल्या वर्षी ९५ ला मिळालेलं कॉलेज यंदा ९५ ला मिळणार नाही. गुणवत्ता क्रमांक हा फरक लगेच दाखवतो. मूळ यादीत दोन्ही आकडे असताना गाईडाने एक गाळला असेल, तर जागा वाचवण्यासाठी नेमकं कामाचं तेच कापलं असं म्हणावं लागेल.

अखिल भारतीय जागांची तर वेगळीच भानगड होते. तिथला पर्सेंटाइल जेईईचा असतो. काही पुस्तकांत तो सीईटीच्या रकान्यांमध्येच 'एआय' म्हणून घुसडलेला असतो, आणि ८८ दिसला की सीईटीत ९० असलेला मुलगा आनंदून जातो. दोन्ही परीक्षांची तुलना होत नाही. जेईई दिली असेल तर महाराष्ट्रातल्या मुलांनाही या जागांसाठी अर्ज करता येतो, एवढाच त्या रकान्याचा उपयोग.

कोणत्या वर्षाचं पुस्तक?

'अपडेटेड आवृत्ती' असं मुखपृष्ठावर सगळेच छापतात. आतून ओळखायच्या काही खुणा आहेत.

मराठा समाजासाठीचं १० टक्के एसईबीसी आरक्षण २०२४ च्या कायद्याने आलं. ज्या तक्त्यांत एसईबीसीचा रकानाच नाही, ते २०२४-२५ च्या आधीचे. त्यांच्यातले खुल्या जागांचे आकडे आजच्या जागांच्या विभागणीत बसत नाहीत, कारण तेव्हा खुल्या जागा जास्त होत्या.

दुसरं, २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याला लागून असलेल्या शाखांच्या जागा कित्येक कॉलेजांनी वाढवल्या. १२० जागांवरचा कटऑफ २४० जागांना लावायचा नसतो. म्हणून कटऑफच्या प्रत्येक वर्षासमोर त्या वर्षीची मंजूर संख्या असावी. ही एक गोष्ट फारच थोड्या पुस्तकांत सापडते, आणि सापडली तर ते पुस्तक करणाऱ्याने मन लावून केलंय हे नक्की.

तिसरं, फेऱ्या. कॅपमध्ये, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, पूर्वी तीन फेऱ्या होत्या, २०२५-२६ ला चार झाल्या आणि जागा सक्तीने स्वीकारण्याचे नियमही बदलले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, की तो घ्यावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. जुन्या गाईडातला 'वर दोन-चार पर्याय असेच टाकून ठेवा' हा सल्ला या नियमात अंगाशी येतो. असेच टाकलेल्यातलं एक मिळालं, तर तेच घ्यायची वेळ येते. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून फॉर्म कसा भरायचा हे कधीही खासगी पुस्तकातून शिकू नका. त्यासाठी त्या वर्षाची सीईटी सेलची माहितीपुस्तिकाच वाचायची, कंटाळवाणी असली तरी.

नावंही तपासा. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये तिथली कॉलेजं जुन्या नावाखाली आहेत. गाईडाच्या सूचीत एकच कॉलेज दोन नावांनी दोनदा आलं असेल, तर आकडे कुणी तपासलेले नाहीत.

शाखांच्या नावांत तर विशेष लक्ष घाला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, त्यातच कंसात आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग, शिवाय आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. या सगळ्या वेगळ्या शाखा, वेगळे कोड, वेगळे कटऑफ. नवी शाखा असेल तर तिला मागचा कटऑफच नसतो. तिथे रिकामी जागा ठेवणारं पुस्तक प्रामाणिक. शेजारच्या शाखेचा आकडा उचलून तिथे टाकणारं पुस्तक टाळा.

फीचा रकाना

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क मिळून असते. वसतिगृह, मेस, बस, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम त्यात नाही. गाईडात 'वार्षिक फी १,२५,०००' एवढंच लिहिलं असेल, तर ती कोणत्या वर्षासाठी मंजूर झाली आणि त्यात काय धरलं आहे, हे शोधल्याशिवाय घरचं अंदाजपत्रक मांडू नका.

मुलींसाठी मोठा बदल २०२४-२५ पासून झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळते. जे पुस्तक अजून निम्मी सवलत सांगतं ते जुनं. आणि ही सवलत खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना व अभिमत विद्यापीठांना लागू नाही, हे पुस्तकात ठळकपणे लिहिलेलं असायला हवं. एकाच शिक्षणसमूहाचं एक कॉलेज कॅपमध्ये असतं आणि त्याच आवारातलं विद्यापीठ कॅपबाहेर. नावं इतकी सारखी असतात की पालक एकाची फी वाचतात आणि दुसऱ्यात जाऊन बसतात.

नॅक, एनबीए, एनआयआरएफ: कशासाठी कोणतं

ही तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, पण गाईडं त्यांचे शिक्के एकत्र छापतात.

नॅक संपूर्ण संस्था तपासतं. ए++ म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा त्याच्या वर, ए+ म्हणजे ३.२६ ते ३.५०, ए म्हणजे ३.०१ ते ३.२५. श्रेणीला मुदत असते, म्हणून तिच्याशेजारी ती कधीपर्यंत आहे ते वर्ष पाहिजे. एनबीए एकेक शाखा तपासतं आणि तीन किंवा सहा वर्षांसाठी मान्यता देतं. कॉलेजच्या फाटकावर 'एनबीए मान्यताप्राप्त' असलं, तरी ती मान्यता मेकॅनिकलला असेल आणि तुम्हाला हव्या असलेल्या शाखेला नसेलही. नवी शाखा तर लगेच पात्रही होत नाही, तिच्या निदान दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. शाखा निवडताना नॅकपेक्षा एनबीए जास्त कामाचं असं आमचं मत आहे. पुस्तकात एनबीए शाखानिहाय दिलेलं नसेल, तर त्या शिक्क्याला अर्थ नाही.

एनआयआरएफची क्रमवारी २०१६ पासून निघते. इंजिनिअरिंगमध्ये १०० पैकी ३० गुण अध्यापन आणि साधनांना, ३० संशोधनाला, २० पदवीच्या निष्पत्तीला, १० समावेशकतेला आणि १० लोकांच्या मताला. संशोधनाचे ३० गुण शोधनिबंध, पेटंट आणि संशोधन प्रकल्प यांवर मिळतात. बी.ई.च्या वर्गात काय शिकवतात याच्याशी त्यांचा थेट संबंध थोडाच. म्हणून दोन कॉलेजांमध्ये दहा-पंधरा क्रमांकांचा फरक असेल, तर त्यावरून निर्णय फिरवू नका.

क्रमांकापेक्षा मोलाची गोष्ट त्यामागच्या कागदात असते. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला दिलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पदवीधर झाले, कितींना नोकरी मिळाली, मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे सलग तीन वर्षांचं असतं. आकडे सगळ्या शाखा मिळून असतात, ही त्याची मर्यादा. तरी प्लेसमेंटच्या रंगीत पानापेक्षा हा एक कागद जास्त सांगतो.

त्याचं कारण मध्यकात आहे. पाच मुलांचे पगार ३.५, ४, ४.५, ६ आणि ४० लाख धरा. सरासरी ११.६ लाख. मध्यक, म्हणजे रांगेतला मधला, साडेचार लाख. गाईडात 'सरासरी पॅकेज ११.६ लाख' छापता येतं आणि ते खोटंही नसतं, पण पाचांपैकी चौघांना त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळालंय. 'सर्वोच्च पॅकेज' तर एका मुलाचं असतं. 'प्लेसमेंट ९२ टक्के' वाचलं की भागिले कोणत्या संख्येने, हे विचारा. पुष्कळदा ती संख्या प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्या आणि एकही विषय न राहिलेल्या मुलांची असते, वर्गातल्या सगळ्यांची नाही. एका मुलाला तीन ऑफर आल्या तर त्या तीन प्लेसमेंट म्हणूनही मोजल्या जातात. एनआयआरएफच्या कागदावर वेळेत पदवीधर झालेल्यांची संख्या समोरच असते, भागाकार स्वतः करून पाहा.

दुकानातच करायची तपासणी

पुस्तक हातात घ्या आणि मोबाइलवर सीईटी सेलची गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडा. ओळखीचं एक कॉलेज आणि एक शाखा निवडा. खुली सर्वसाधारण जागा, मुलींची जागा, तुमचा प्रवर्ग आणि टीएफडब्ल्यूएस, हे चार आकडे ताडून पाहा. पाचवा आकडा फीचा, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीशी. पाचही जुळले तर पुस्तक घ्या. एखादा जुळत नसेल तर तो वेगळ्या फेरीचा आहे का ते पाहा आणि पुस्तकात तसं लिहिलंय का हेही पाहा. दोन आकडे चुकले की पुस्तक परत ठेवा, कारण उरलेल्या हजारांतले किती चुकलेत ते तुम्हाला कळणार नाही.

जाहिराती मोजा. ज्या कॉलेजची पानभर रंगीत जाहिरात आहे तेच पुस्तकाच्या 'टॉप २५' मध्येही असेल आणि ती क्रमवारी कशावरून लावली हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर क्रमवारीची पानं वाचूच नका. कटऑफचे तक्ते नीट असतील तर तेवढ्यापुरतं पुस्तक वापरता येतं.

'पर्सेंटाइल टाका, कॉलेज मिळवा' अशी ॲप आणि संकेतस्थळंही मागच्या कटऑफवरच चालतात. तुमचा बारावीचा जिल्हा न विचारता जे उत्तर देतं, त्याला होम युनिव्हर्सिटी माहीतच नाही. त्याच्या यादीवर विसंबू नका.

पुस्तकातून स्वतःच्या वहीत

गाईड कितीही चांगलं असलं तरी फॉर्म भरताना ते शेजारी उघडून बसायचं नाही. एक तक्ता आखा: चॉईस कोड, कॉलेज, शाखा, तुमच्या जागेच्या प्रकारातला तीन वर्षांचा शेवटच्या फेरीचा गुणवत्ता क्रमांक, प्रत्येक वर्षीच्या जागा, मंजूर फी, एनबीए आहे का, मध्यक पगार, घरापासूनचं अंतर. शेवटच्या फेरीसोबत पहिल्या फेरीचा आकडाही लिहा. कटऑफ सहसा फेरीगणिक खाली येतो, पण प्रवेश रद्द होणं आणि राखीव जागा बदलणं यांमुळे कधी वरही जातो. दोन्ही आकडे जवळ असले की हा कल दिसतो.

मग यादीचे तीन थर करा. तुमच्या क्रमांकापेक्षा थोडा वरचा, म्हणजे लहान क्रमांकाचा, कटऑफ असलेले पर्याय, त्याच्या आसपासचे, आणि तीनही वर्षं तुमच्या क्रमांकाच्या बरंच खाली बंद झालेले. शेवटच्या थरात निदान आठ-दहा पर्याय असू द्या. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात, त्यामुळे कंजूषी करायचं कारण नाही. मात्र क्रम कटऑफवरून लावू नका, आवडीवरून लावा. वाटप वरून खाली पर्याय बघत जातं आणि तुमच्या गुणांना मिळणारा पहिलाच पर्याय देतं. खाली ठेवलेलं आवडतं कॉलेज वरच्या नावडत्या कॉलेजमुळे हातचं जातं.

आणि चॉईस कोड गाईडातून उतरवून टाकू नका. दर वर्षी काही कोड बदलतात, काही शाखा बंद होतात, काही नव्या येतात. त्या वर्षीचा जागांचा तक्ता जाहीर झाला की एकेक कोड त्याच्याशी ताडा, टीएफडब्ल्यूएसचे वेगळे कोड मिळवा, आणि मगच फॉर्म कन्फर्म करा.